बांधलं नाय, हलवलं

११ नोव्हेंबर, सोमवार

पुढच्या सोमवारी बारकीआजीचा उलटतपास. आज तिचा मुलगा रघू तिला घेऊन ऑफिसात आला, बोरिवलीला. दोन जिने चढून आली आणि पहिलं वाक्य: "बाय, तुमच्या हापिसात वारा का येत नाय?" फॅन लावला तर म्हणे थंडी वाजते.

तयारी म्हणजे काय, तिचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. परिच्छेद एक ते नऊ. मान डोलावत होती. माझे सीनियर केळकर सर दाराशी येऊन बघून गेले. "घाबरवू नकोस गं तिला. विचारतील तेवढंच उत्तर द्यायचं, बास."

दोन वर्षं झाली वनखात्याच्या नोटिशीला. वनजमिनीवर अतिक्रमण, जागा रिकामी करा. पाड्यावर अकरा घरं, सगळी वारल्यांची. पहिला दावा आजीचा. तिचं जे होईल तेच बाकी दहांचं होणार. कोर्टाने 'जैसे थे' दिलंय म्हणून घर उभं आहे. निकालापर्यंत खात्याने पाडायचं नाही आणि यांनी एक वीट लावायची नाही. वीट कसली, कुडाचं घर ते.

कायदा म्हणतो, पिढ्यानपिढ्या राहता-कसता हे दाखवा. कागद शून्य. पण कायद्यातच आहे की जाणत्या माणसाचा जबाब हाही पुरावा. आमच्याकडे जाणतं माणूस एकच आणि तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. विचारणाऱ्याने उजवीकडे उभं राहावं एवढीच प्रार्थना.

१८ नोव्हेंबर, सोमवार

वाट लागली.

सर दुसऱ्या कोर्टात अडकले. मी एकटी. म्हटलं, उलटतपास समोरच्यांनी घ्यायचाय, आपण नुसतं उभं राहायचं. खात्याच्या वकीलबाई तरुण आहेत, आवाज गोड, आजीच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. आठवतं तसं लिहून ठेवते.

"आजी, लग्न होऊन आलात ते याच घरात?"

"नाय."

"मग?"

"ते खाली व्हतं. पाण्याकडं."

"मग हे घर कधी बांधलंत?"

"बांधलं नाय, हलवलं. सासरा गेला तवा एकदा. नवरा गेला तवा परत."

न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढला. "हलवलं म्हणजे काय?"

"घरातलं जाणतं माणूस गेलं का घर उचलायचं. पंधरा पावलं, वीस पावलं. ती जागा त्याची ना. त्याची त्याला ठेवायची."

मला काही कळेना. दोन वर्षं ही फाइल माझ्या टेबलावर आहे आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते. वकीलबाईंनी शांतपणे परिच्छेद चार वाचला. 'वादी व वादीचे पूर्वज दाव्यातील घरात त्याच जागी पिढ्यानपिढ्या अखंड राहत आहेत.' हे खरं आहे का? आजी म्हणाली, त्याच जागी कसं असंल?

साहेबांनी टायपिस्टला सांगितलं: "हे म्हणणे खरे आहे की माझ्या लग्नाच्या वेळी दाव्यातील घर अस्तित्वात नव्हते. हे म्हणणे खरे आहे की माझ्या प्रतिज्ञापत्रातील परिच्छेद चारचा मजकूर बरोबर नाही."

फेरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न, घ्यायचाय का, साहेबांनी विचारलं. सरांची शिकवण डोक्यात घट्ट बसलेली, उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायचा नाही. म्हटलं, नाही साहेब. कशाला म्हटलं नाही? तोंड उघडून "का हलवता" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. मूर्ख!

बाहेर आल्यावर आजीने माझा हात धरला. "खरं बोललं ना बाय मी? सगळं खरं बोललं." म्हटलं, हो आजी. रघूला समजलं होतं. तो तिच्या चपला शोधत होता. साक्षीला जाताना तिने दाराबाहेर काढल्या होत्या, देवळात काढतात तशा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

के. सरांना सांगितलं. सगळं ऐकून म्हणाले, "गेली केस." ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, दुरुस्ती करू. म्हणाले, कशाची? अंगठा तिचा, शपथ तिची. आता बदललं तर म्हणतील, वकिलाने शिकवून आणली. निकाल लागू दे, वर अपील करू.

वर म्हणजे किती वर्षं? आजी किती वर्षांची आहे हे तिला तरी कुठे माहीत आहे. आधार कार्डावर एक जानेवारी टाकलंय, सगळ्या पाड्याचा वाढदिवस एकाच दिवशी.

दुपारी फाइल उघडून परिच्छेद चार पुन्हा वाचला. पाचव्या ओळीत शब्द सापडला, 'सदर खोली'. कुडाच्या घरात खोली कुठून आली? मग आठवलं. घाटकोपरच्या पागडीच्या दाव्यातून उचलला होता परिच्छेद. नावं बदलली, 'खोली'चं सगळीकडे 'घर' केलं, एक राहिली. भाडेकरूंच्या केसेस करून करून हात बसलाय. जागा म्हटली की 'त्याच जागी अखंड' आपोआप टाइप होतं. चाळीत ते खरंही असतं. आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत आजोबांपासून नंबर चौदा तो चौदाच आहे.

आणि आणखी एक आठवलं. ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. अंगठा घ्यायच्या दिवशी मी वाचत होते आणि आजीने मध्येच विचारलं होतं, "त्याच जागी म्हंजे?" मी म्हटलं होतं, "म्हणजे इथेच हो, पाड्यावर." आणि पान उलटलं होतं.

आज जेवले नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पाड्यावर गेले. दोन वर्षांत तिसऱ्यांदा, लाज वाटायला हवी. मागच्या दोन्ही वेळा फोटो काढून तासाभरात परत.

रस्ता त्या चोवीस मजली सोसायटीच्या मागून जातो. वॉचमनने अडवलं, कुठे जाताय मॅडम, पुढे काय नाय, जंगल आहे. म्हटलं, अकरा घरं आहेत. म्हणे हां ते. 'ते'!

रघूला सुट्टी होती. (तो त्याच सोसायटीत बागकाम करतो. त्याच्या घराला नोटीस आणि त्याने लावलेल्या लॉनला बक्षीस मिळालंय.) त्याला म्हटलं, दाखव मला कुठे कुठे होतं घर.

आत्ताच्या घरापासून सतरा पावलांवर एक जोतं. मातीचं, वीतभर उंच, चारी बाजूंनी दगड. आजूबाजूला वाल लावलेत, तोंडलीचा मांडव आहे, पण जोत्यावर काही नाही. गवत काढून साफ ठेवलेलं. "हे बाबाचं," रघू म्हणाला. त्याच्या खाली उताराला दुसरं, आजोबाचं. मग ओढ्याच्या अंगाला तिसरं, चौथं. पाचवं अर्धं वाहून गेलंय, नुसती दगडांची रांग. तिथे कोणी काही पेरत नाही, गुरं बांधत नाही. पोरांनासुद्धा खेळू देत नाहीत.

पाच जोती, पाच पिढ्या, आणि मी लिहिलं 'त्याच जागी'. हातातला सगळ्यात मोठा पुरावा मी स्वतःच्या हाताने खोडला.

आजी ओट्यावर वाल सोलत होती. मी जवळजवळ ओरडलेच, "आजी, हे आधी का नाही सांगितलंत?" (तिला मी अहो-जाहो करते, ती मला अगं-तुगं.)

"तू इचारलंच नाय. तू कागद वाचत व्हतीस."

मग तीच बोलायला लागली. घर हलवायचं म्हणजे सगळं नाही न्यायचं. कूड नवा, शाकारणी नवी. फक्त मधली मेढ तीच. मधला खांब, वर दोन फांद्यांचं बेचकं असलेला, त्यावर सगळं छप्पर बसतं. ती उपटून सगळ्या पाड्याने हात लावून नव्या खड्ड्यात उभी करायची. पाचव्या दिवसाच्या आत. आतमध्ये नेऊन दाखवली. काळीभोर, गुळगुळीत, खालचा भाग झिजून निमुळता झालेला. किती जुनी, विचारलं. म्हणे, मी आले तेव्हा म्हातारीच होती.

सगळे वारली असं करतात का? नाही. त्यांचं कूळ करतं. पाड्यावर चार घरं त्या कुळाची.

निघताना वालाच्या शेंगा पिशवीत भरून दिल्या. नको म्हटलं तर रागावली.

२४ नोव्हेंबर, रविवार

आईला सगळं सांगितलं, शेंगा सोलता सोलता. तिने एकच विचारलं, "चूक तुजी मां?" हो म्हटलं. "मगे तूच जावन सांग कोर्टाक. सरांचा नाव कित्याक पुढे करतंस? कोण तुका खाऊक येतला?"

आईला वाटतं कोर्ट म्हणजे शाळेतल्या बाई. चूक कबूल केली की बाकावर बसवतील.

आमच्या गावच्या घराच्या सातबाऱ्यावर पंधरा नावं आहेत. माझंही आहे, बाबा गेल्यावर चढलं. त्या घरात सहा वर्षांत कोणी दिवा लावला नाही. उद्या कोणी विचारलं तुमचं आहे का, तर कागद टाकू टेबलावर, दोन मिनिटांत काम. आणि तिथे एक बाई आपल्या सासऱ्याच्या जागेवरचं गवत दर महिन्याला काढते, तर तिला 'अतिक्रमण'. मला कायदा शिकवताना हे कोणी शिकवलं नाही. मी तरी कुठे विचारलं म्हणा.

२ डिसेंबर, सोमवार

अर्ज लिहिला. साक्षीदाराला फेरतपासासाठी परत बोलवा, आणि जागा बघायला कोर्ट कमिशनर नेमा. सोबत माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र. परिच्छेद चारमधला मजकूर साक्षीदाराने सांगितलेला नाही, तो मी दुसऱ्या दाव्यातून घेतला, तिने शंका विचारली असता मी नीट उत्तर दिलं नाही. लिहिताना तीनदा खोडलं.

सरांना वाचायला दिलं. वाचून फाइल बंद केली. "मीना, हे वाचल्यावर तुला कोण केस देईल?"

"तशी कोण देतंय सर आत्ता?"

हसले. मग गंभीर झाले. म्हणाले, तू साक्षीदार झालीस तर या दाव्यात वकील म्हणून उभी राहू शकत नाहीस, लक्षात आहे ना? लक्षात होतं. माझ्या नावाची ही पहिली फाइल, बाकी सगळ्यांवर सरांचं नाव असतं.

दोन दिवस दे म्हणाले विचार करायला.

४ डिसेंबर, बुधवार

सरांनी अर्जावर सही केली. माझ्या प्र.प.तल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका लाल पेनाने काढून दिल्या.

९ डिसेंबर, सोमवार

साहेबांनी माझं प्र.प. वाचलं. कोर्ट भरलेलं. सगळे ऐकत होते, मागच्या बाकावरचे दोघेतिघे माझ्या कॉलेजचे.

"तुम्ही वकील आहात की साक्षीदार?"

"आजपासून साक्षीदार, साहेब." आणि वकीलपत्रातून नाव काढायचा अर्ज पुढे केला.

वकीलबाईंनी हरकत घेतली. हरल्यावर सुचलेली गोष्ट आहे म्हणाल्या. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. साहेबांनी माझा कागद पुन्हा उलटून पाहिला. मग सरांना म्हणाले, "कोर्टाला जागा मोजता येते, केळकर. हलणारं घर कसं मोजायचं, ते तुम्ही मला दाखवा." अर्ज मंजूर. मला चार शब्द सुनावले, वकिलाने ऐकायला शिकावं वगैरे. ऐकले.

बाहेर रघू म्हणाला, "मग आता तुम्ही आमच्या कोण मॅडम?"

८ जानेवारी, बुधवार

कमिशनर आले पाड्यावर. निवृत्त माणूस, पांढरे बूट, बरोबर टेपवाला. खात्याच्या वकीलबाई सलवारला काटे लागलेत म्हणून वैतागलेल्या. के. सर छत्री घेऊन, ऊन सहन होत नाही त्यांना. मी मागे, पाड्यातल्या बायांत. बोलायचा अधिकार नाही.

पाचही जोती मोजली. लांबी, रुंदी, आत्ताच्या घरापासूनचं अंतर. मग कमिशनर म्हणाले, नुसतं जोतं गोठ्याचंही असू शकतं. घर असेल तर खाली चूल लागेल. हातभर खणून बघू.

सगळा पाडा उठून उभा राहिला. रघू म्हणाला, तिथं कुदळ लावत नाही आम्ही. कमिशनर म्हणाले, मग मी तसं लिहितो, खणू दिलं नाही. वकीलबाईंनी लगेच वहीत टिपून घेतलं. सर माझ्याकडे बघायला लागले आणि मी जमिनीकडे. मला वाटलं, सोडून द्या, जाऊ दे केस. खरंच वाटलं.

आजी काठी टेकत आली. सतरा पावलांवरच्या जोत्याशी उभी राहिली. "ह्यो माझ्या नवऱ्याचा. ह्यो खणा. त्याला मी समजावीन. बाकीच्यांना हात नाय लावायचा, ते माझं ऐकणार नाय."

कमिशनर हसले, मग हसणं आवरलं. रघूने कुदळ दुसऱ्याला दिली नाही, स्वतः खणलं. हातभरावर तीन दगड, काळी राख, मडक्याची खापरी. टेपवाल्याने फोटो काढला. आजी कडेला बसून काहीतरी पुटपुटत होती, रागावल्यासारखी. नवऱ्याला समजावत असेल. मी रडले, बायांमागे तोंड लपवून. रघूने सगळं होतं तसं बुजवलं आणि वर पाणी शिंपडलं.

२२ जानेवारी, बुधवार

कमिशनरचा अहवाल दाखल झाला. पाच जोती, त्यातल्या एकाखाली चूल. पुढे एक ओळ: 'वय सांगता येत नाही.' आमच्यासाठी आणि त्यांच्यासाठी सारखीच उपयोगी ओळ.

आजीचा फेरतपास आज होता. ताप आलाय, खोकला. तारीख ११ फेब्रु.

सर मात्र पेटलेत. संध्याकाळी फोन करून विचारतात, चौथं जोतं कुणाचं म्हणाली होतीस? त्यांनी वंशावळ काढलीये, जोत्याला जोतं जोडून. पंचवीस वर्षांत त्यांना असं बघितलं नाही म्हणतात बाकीचे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजीला रिक्षाने आणलं. खुर्चीवर बसून जबाब दिला. मी सगळ्यात मागे बसले, साक्षीदारांच्या बाकावर.

सरांनी एकेक जोतं विचारलं. आजीने एकेक माणूस सांगितला. नाव, काय पेरायचा, कशाने गेला. एक वाघाने. एक असाच, जेवून उठला आणि गेला. साहेब टायपिस्टला सांगायचे थांबून नुसते ऐकायला लागले, मग भानावर येऊन म्हणाले, हं, लिहा.

वकीलबाईंचा उलटतपास. हे कुठे लिहिलंय? नाय. तुमच्या कुळाबाहेर कोणाला माहीत आहे? "शेजाऱ्यांना इचारा. मेढ उचलायला तेच येतात."

मग शेवटचा प्रश्न. "शेवटचं घर कधी हलवलं?"

"रघ्या धा-बारा वर्सांचा असंल तवा."

"म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत नाही. आता ही प्रथा कोणी पाळत नाही, खरं ना?"

"मेलंच नाय कोणी. मीच जाणती. मी हाय अजून."

कोर्टात हशा. वकीलबाईसुद्धा हसल्या. पण लिहिलं गेलं ते असं: 'हे म्हणणे खरे आहे की गेल्या तीस वर्षांत घर हलवलेले नाही.'

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद संपले. सर दीड तास बोलले, झकास. वकीलबाई वीसच मिनिटं, पण मुद्द्याचं. म्हणाल्या, प्रथा खरी असेलही, पण प्रथा अजून जिवंत आहे हे दाखवणारा गेल्या तीस वर्षांतला एकही प्रसंग कोर्टापुढे आलेला नाही. साहेबांनी तेवढं वाक्य स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.

निकाल १७ मार्चला. तोवर जैसे थे.

४ मार्च, मंगळवार

सकाळी साडेसहाला रघूचा फोन. आजी गेली. पहाटे, झोपेत.

गेले. ओट्यावर ठेवली होती. इवलीशी दिसत होती. बायांनी मला जवळ बसवून घेतलं, कोणी विचारलं नाही तू कोण. खूप रडले. आजीने माझ्यावर एकदाही राग धरला नाही, हे जास्त लागलं.

दुपारी सगळं आटोपून आले. तेव्हा रघू म्हणाला, "शनिवारी पाचवा दिवस."

मला वाटलं दिवसकार्याचं सांगतोय. आणि मग कळलं. जाणतं माणूस गेलं, घर उचलायचं.

५ मार्च, बुधवार

सर: "जैसे थे म्हणजे जैसे थे. एक खांब हलवला तर कोर्टाचा अवमान. खातं दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन उभं राहील. निकाल बाजूला, रघू आत जाईल."

मी: "आणि नाही हलवला तर? वकीलबाईंचंच म्हणणं खरं ठरेल ना, प्रथा मेली म्हणून."

सर: "माहीत आहे मला." मग टेबलावर हात आपटला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

परवानगीचा अर्ज घेऊन धावलो. साहेब रजेवर, सोमवारी येणार. प्रभारी साहेबांपुढे उभे राहिलो. ते म्हणाले, निकालासाठी राखलेलं प्रकरण, मी कसा हात लावू? घर पडतंय का? मग सोमवारपर्यंत काय बिघडतं?

काय बिघडतं ते सरांनी सांगितलं. नीट, शांतपणे. त्यांनी ऐकलंही. पण सोमवार तो सोमवारच.

६ मार्च, गुरुवार

रघूकडे गेले, सर म्हणाले ते सगळं सांगितलं. अवमान म्हणजे काय तेही. थांबता येईल का सोमवारपर्यंत, विचारलं. तो म्हणाला, पाचव्याच्या आत नाही उचललं तर ती जागा आईची होत नाही. मग आई कुठं राहील?

याला कायद्यात उत्तर नाही. त्याच्या बायकोने चहा दिला.

म्हटलं, रघू, मी आता तुमची वकील नाही. सल्ला देता येत नाही मला.

"म्हणूनच इचारतो, काय करू ते. वकील म्हणून नको. आईनं तुम्हाला घरातली मेढ दाखवली, म्हणून इचारतो."

विचार करून सांगते म्हटलं. पळून आले, खरं तर.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी पुन्हा गेले. खड्डा खणून झालाय. घरापासून चौदा पावलं, वरच्या अंगाला, जांभळीखाली. मेढ अजून जुन्याच जागी. छप्पर अर्धं उतरवायला घेतलं होतं ते रघूने थांबवलंय. पाड्यातले सगळे येणार आहेत उद्या, बाकी सात घरंसुद्धा, जी त्यांच्या कुळाची नाहीत. त्यांचेही दावे आहेत. काही बिघडलं तर त्यांचंही बिघडणार, आणि हे माहीत असून येणार आहेत.

रघूने माझ्याकडून उत्तर मागितलं नाही. एवढंच म्हणाला, "उद्या आठला उचलतो मॅडम. तुम्ही आलात तर हात लावायला लागंल, नुसतं बघत उभं राहायचं नसतं. नाय आलात तरी राग नाय."

सरांना सांगितलं. म्हणाले, तू काही मला सांगितलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही. मग दारातून परत आले. "सनद जाऊ शकते गं. खरंच जाऊ शकते."

माहीत आहे. सनद म्हणजे माझी आठ वर्षं आहेत, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज करून काढलेली. बाबा होते तेव्हा त्यांनी फ्रेम करून लावली, देवाशेजारी. आणि ही चूक माझ्या हातून झाली नसती तर कदाचित केस केव्हाच जिंकली असती, आजीला तापात कोर्टात यावं लागलं नसतं, नवऱ्याचं जोतं खणू द्यावं लागलं नसतं. हे दोन्ही खरं आहे. दोन्ही लिहून बघितलं तरी काही ठरत नाही.

संध्याकाळचे सात. आई स्वयंपाकघरातून दोनदा विचारून गेली, "फाल्यां सकाळी किती वाजता उठवू गो?"

अजून सांगितलं नाही तिला.